आडवी दाढ, उभा पेशंट

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात दात बघायला चार सेकंद लागतात.

व्यापारी एका हातानं बैलाची वेसण धरतो, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खालचा ओठ दाबतो, आत नजर टाकतो आणि सांगतो, ‘चार दाती.’ झालं. वय कळलं, भाव सुरू. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. पाच पायऱ्यांत सगळं दंतशास्त्र आटोपतं. आणि बैलाला कुणी विचारत नाही, ‘याआधी आमच्याकडे आला होतात का?’

माझी एक दाढ बघायला नगरच्या एका दवाखान्यानं सहा आठवडे आणि पाच खेपा घेतल्या.

आणि बघितली ती दुसरीच.

पण ते पुढं. आधी दाढेची ओळख. अक्कलदाढ साधारण सतरा ते पंचवीस या वयात येते म्हणतात. माझीही तेव्हाच निघाली होती. अर्ध्या वाटेत आडवी झाली आणि हाडात तशीच पडून राहिली. पस्तीस वर्षं चकार शब्द काढला नाही. मग मी निवृत्त झालो, पेन्शन सुरू झाली, आणि हिला जाग आली. पेन्शनचा वास दाढेलासुद्धा येतो.

गावातल्या दंतवैद्यांनी आरसा घालून बघितलं. म्हणाले, ‘गुरुजी, हे माझ्या हातचं काम नाही. हाड कापावं लागणार. नगरला जबड्याचे सर्जन येतात, त्यांना दाखवा.’ चिठ्ठी दिली, पैसे घेतले नाहीत. इतका प्रामाणिकपणा भेटला की माणसानं सावध व्हावं. पुढं कुठंतरी त्याची वसुली होणार असते.

तिकडे फोन लावला. एक यंत्र म्हणालं, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. अकरा मिनिटं तेच म्हणत राहिलं. एवढा महत्त्वाचा आहे तर उचला की!

शेवटी एक ताई आल्या.

‘सर्जन कधी असतात?’

‘मंगळवारी.’

‘कुठल्या?’

‘येतील त्या.’

जबड्याचे सर्जन एका जागी बसत नाहीत. एका शहरात त्यांना पुरतील एवढ्या आडव्या दाढा नसाव्यात. मग ते बॅग घेऊन या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरतात. यात गैर काही नाही, आपले कीर्तनकारही असेच फिरतात. पण कीर्तनकाराची तारीख पत्रिकेवर छापलेली असते.

पहिली खेप. नाव नोंदणी.

‘गाव?’ ‘घोडेगाव.’ ‘तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे.’ ‘नाही ताई, नेवासा.’ ‘कॉम्प्युटरवर आंबेगावच येतंय.’ ते घोडेगावही खरंच आहे, आंबेगाव तालुक्याचं मुख्य ठिकाण, भीमाशंकरच्या वाटेवर. आमचं शिंगणापूरच्या वाटेवर. त्यांच्या वाटेला महादेव आणि आमच्या वाटेला शनी. फेऱ्या कुणाच्या नशिबात आहेत हे मला तिथंच कळायला हवं होतं.

मग जिल्हा. माझ्या आधार कार्डावर अहमदनगर, त्यांच्या फॉर्मवर अहिल्यानगर. नाव २०२४ मध्ये बदललं, कार्ड होतं तिथंच राहिलं. ‘पत्ता मॅच होत नाही काका, अपडेट करून आणा.’ दाढ जुन्या जिल्ह्यात उगवली आणि नव्या जिल्ह्यात दुखतेय. ती कुठं अपडेट करायची?

शेवटी यादीच्या तळाशी ‘इतर’ सापडलं. तेव्हापासून मी इतर जिल्ह्यातला इतर माणूस आहे.

आमच्या शेजारचं शिंगणापूर घरांना दारं नाहीत म्हणून प्रसिद्ध आहे. या दवाखान्याला तीन होती. पहिलं काचेचं, दुसरं लाकडी, तिसरं काउंटर. त्यातली पहिली दोन ढकलली की उघडायची.

भिंतीवर रुग्णहक्कांची सनद होती. नर्सिंग होमच्या नियमांत राज्यानं २०२१ मध्ये दुरुस्ती केली, तेव्हापासून ती लावावी लागते आणि सोबत दरपत्रकही. सनदेसमोर मनी प्लांट ठेवला होता. पानं बाजूला सारली की हक्क दिसत होते. दरपत्रकासाठी कितीही पानं सारली तरी उपयोग नव्हता.

दीड तासानं आत बोलावलं. सर्जन नव्हते, त्यांच्या मदतनीस डॉक्टर होत्या. वयानं माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी आरसा घातला, ‘ओपीजी’ असं लिहिलं आणि हसल्या. दोन गल्ल्या पलीकडे जा, हनुवटी टेकवा, दांडी चावा, हलू नका. यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि अख्ख्या जबड्याचा पट काढतं. सगळी बत्तीशी एका पानावर. माझी दाढ त्यात ओसरीवर आडव्या झालेल्या पाहुण्यासारखी निवांत पसरली होती.

‘फिल्म देता का?’ ‘मोबाइलवर लिंक येईल.’ लिंक आली. लिंक उघडायला ओटीपी लागतो. ओटीपी ज्या नंबरवर जातो तो दवाखान्याचा.

घ्या!

दुसरी खेप. सर्जन आलेच नाहीत. ‘सर रस्त्यात आहेत.’ आपल्याकडे रस्त्यात असणं ही भूगोलाची नव्हे, अध्यात्माची अवस्था आहे. नगर रस्त्याची वाहतूक बघता मी विश्वास ठेवला. साडेचारला कळलं की ते रस्त्यात होते हे खरं, फक्त रस्ता नाशिकचा होता.

त्या बदल्यात मला एक कागद मिळाला. करायच्या तपासण्या. सीबीसी, साखर, बीटी-सीटी, एचआयव्ही, कावीळ ब.

साखर ठीक. हिमोग्लोबिन ठीक. बीटी म्हणजे रक्त वाहायचं किती वेळात थांबतं ते मोजणं. प्रयोगशाळेतल्या मुलानं कानाच्या पाळीला टोचलं आणि दर अर्ध्या मिनिटाला टिपकागद लावत बसला. शस्त्रक्रियेत रक्त किती वाहील हे या चाचणीवरून कळत नाही, सरसकट करू नका, असं अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी १९९८ सालीच सांगून ठेवलंय. त्याला अजून तीस वर्षं झाली नाहीत. पोचेल निरोप.

आणि एचआयव्ही? चाचणी करायला माझी ना नव्हती. पण २०१७ चा कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय ही तपासणी करायची नाही आणि उपचार मिळण्यासाठी ती अट म्हणून घालायची नाही, असं त्यात आहे. तसंही हत्यारं प्रत्येक पेशंटनंतर सारखीच निर्जंतुक करायची असतात. रिपोर्ट बघून कमी-जास्त उकळायला तो काय चहा आहे? मी ताईंना विचारलं, ‘संमतीचं काय?’

‘रुटीन आहे काका.’

रुटीन. या शब्दापुढं संसद काय चीज आहे?

आता मुख्य घोळ. मी रोज रात्री ॲस्पिरिनची छोटी गोळी घेतो. पंचाहत्तर मिलिग्रॅम. रक्त पातळ ठेवते. मदतनीस डॉक्टर म्हणाल्या, ‘ही बंद करायची की नाही ते तुमच्या फिजिशियनना विचारा.’ मी फिजिशियनकडे गेलो. ते म्हणाले, ‘दाढ कशी काढणार, किती कापणार, त्यांना माहीत. त्यांना विचारा.’ मी परत आलो. ‘त्यांनी लेखी दिलं का?’ मी परत गेलो. ‘त्यांनी लेखी विचारलं का?’

टेबल टेनिस बघताना मान दुखते हे ऐकून होतो. चेंडूची मान दुखते हे नव्यानं कळलं.

खरं तर उत्तर काही गुपित नाही. दात काढण्यासाठी ही छोटी गोळी सहसा थांबवू नये, असंच अमेरिकन डेंटल असोसिएशनसह बहुतेकांचं आता म्हणणं आहे. हिरडीतलं रक्त बोळा दाबून, टाका घालून थांबवता येतं. गोळी थांबवल्यावर हृदयात गुठळी झाली तर तिथं बोळा कोण दाबणार? अर्थात ज्याचं त्याचं दुखणं वेगळं, गोळी वेगळी, म्हणून हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी सांगायचं असतं. माझ्याकडे दोन डॉक्टर होते. म्हणून कुणीच सांगितलं नाही.

दोन घरचा पाहुणा उपाशी, हे आजी सांगायची. फिजिशियनचे चारशे आणि मदतनीस बाईंचे तीनशे देऊन उपाशी राहतो, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या चकरेला फिजिशियननी एका ओळीत काहीतरी लिहून दिलं. मी गावी औषधाच्या दुकानदाराकडून वाचून घेतलं. तो म्हणाला, ‘गोळी चालू ठेवा असं दिसतंय.’ मग चष्मा काढून परत बघितलं. ‘किंवा बंद करा.’

तिसरी खेप, खर्चाचा अंदाज.

बैलबाजारात भाव रुमालाखाली होतो. घेणारा आणि देणारा रुमालाआड एकमेकांची बोटं दाबतात. बघणाऱ्याला काही कळत नाही, पण त्या दोघांना तरी कळतं! दवाखान्याचा रुमाल त्याहून सरस. त्याखाली फक्त त्यांचाच हात असतो.

‘ताई, अंदाजे किती?’ ‘केसवर डिपेंड आहे.’ ‘माझ्याच केसचं विचारतोय.’ ‘सर बघून सांगतील.’ ‘सर कधी बघतील?’ ‘ऑपरेशनच्या दिवशी.’ म्हणजे भाव कळणार तो जबडा बधिर झाल्यावर. तोंडातून शब्द फुटणार नाही अशा वेळी घासाघीस करायची. आमच्या बाजारातल्या एकाही दलालाला हे सुचलेलं नाही. बिचारे अजून भाव आधी ठरवतात.

तरी आगाऊ रक्कम मात्र पक्की होती. तिला केस डिपेंड नव्हती.

भुलीचा शोध दंतवैद्यांच्या खात्यात जमा आहे, हे सहज आठवलं म्हणून सांगतो. अमेरिकेतल्या होरेस वेल्स या दंतवैद्यानं ११ डिसेंबर १८४४ ला नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ उपटून घेतली, बघू दुखतं का म्हणून. दोन वर्षांनी मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्यानं बोस्टनमध्ये चारचौघांसमोर ईथर दाखवलं आणि शस्त्रक्रियेचं जगच बदललं. तेव्हा पेशंटला भूल खुर्चीत बसल्यावर देत. आता काउंटरपासून देतात.

विमा? आहे ना. कंपनीला फोन केला. दातांचे उपचार बसत नाहीत, अपघातात दात पडून दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर बघू, म्हणाले. दात शरीराचा भाग नाही, हा शोध विमा कंपन्यांनी लावलाय. बैलाच्या व्यापाऱ्यासमोर एकदा बोलून दाखवा म्हणावं.

लोणीला दंत महाविद्यालय आहे, संभाजीनगरला सरकारीच आहे. तिकडे जायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. रांग असते, मान्य. पण शिकणारी मुलं तुमच्या दाढेकडे आस्थेनं बघतात, कारण त्यांना तिच्यावर मार्क मिळायचे असतात. मी नगर निवडलं कारण ते पस्तीसएक किलोमीटरवर, जवळ. जवळच्या ठिकाणी पाच वेळा जाऊन मी लांबचं अंतर पूर्ण केलं.

चौथ्या खेपेला संमतिपत्र आलं. चार पानं, इंग्रजी, बारीक टाइप. ‘इथं, इथं आणि इथं.’ सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात २००८ साली सांगितलंय की संमती म्हणजे नुसती सही नव्हे. काय करणार, धोके काय, दुसरे पर्याय कोणते, न केलं तर काय, हे पेशंटला कळेल असं सांगून घेतलेली संमतीच खरी. मी मास्तर, सवयीनं वाचायला लागलो. मागच्या रांगेतून उसासे सुरू झाले.

‘हे पॅरेस्थेसिया म्हणजे काय हो?’

‘फॉर्मॅलिटी आहे काका.’

घरी येऊन नातीला विचारलं. खालच्या जबड्यातून एक नस जाते, अक्कलदाढेची मुळं कधी कधी तिला टेकलेली असतात. काढताना दुखावली तर खालचा ओठ काही दिवस, क्वचित कायमचा, बधिर राहतो. फॉर्मॅलिटीचा एवढा सोपा अर्थ मला शाळेत असताना मिळाला असता तर मी विभागीय चौकशांना घाबरलो नसतो.

सही केली होती ना पण मी? केली होती. मागं अकरा माणसं उभी होती.

त्याच दिवशी फाइलवर नजर गेली. काउंटरवर उघडीच होती. माझं नाव, ‘इतर’, आणि खाली ठळक आकडा: ४८.

जगात बहुतेक ठिकाणी दंतवैद्य दातांना दोन आकडी नंबर देतात. तोंडाचे चार भाग. वरचा उजवा एक, वरचा डावा दोन, खालचा डावा तीन, खालचा उजवा चार. प्रत्येक भागात मधल्या दातापासून मागं मोजत जायचं. आठवी ती अक्कलदाढ. म्हणजे खालची डावी ३८ आणि खालची उजवी ४८. डावं-उजवं पेशंटचं धरायचं, समोर उभ्या असलेल्याचं नाही.

माझी दुखते डावी.

उजवीकडची सरळ आहे, मजबूत आहे. बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तिच्याच जिवावर चालू आहे. अख्ख्या तोंडात काम करणारी ती एक. आणि बडतर्फीची नोटीस तिच्या नावावर! हे मात्र मला नवं नव्हतं, झेडपीत नोकरी केली आहे मी.

‘ताई, हे ४८ नाही, ३८ पाहिजे.’

‘सिस्टीममध्ये ४८ आहे.’

‘माझ्या तोंडात ३८ आहे.’

ताईंनी स्क्रीन बघितला. मग मला बघितलं. दोघांत जास्त विश्वासाचा कोण, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायला ओपीजीची गरज नव्हती.

‘काका, एकदा एंट्री लॉक झाली की आम्हाला बदलता येत नाही. सरांनाच राइट्स आहेत.’ ‘मग सरांना सांगा.’ ‘सर ऑपरेशनच्या दिवशी फाइल बघतात.’ ‘मग एक्स-रे बघा.’ ‘तो लिंकवर आहे.’ ‘लिंक उघडा.’ ‘ओटीपी येईल तुमच्या मोबाइलवर.’ ‘तो तुमच्या मोबाइलवर येतो.’ ‘तो मोबाइल दुसऱ्या ब्रँचला असतो.’

दाताच्या कण्या करणं म्हणजे काय, हे मी तीस वर्षं मुलांना वाक्प्रचार म्हणून शिकवलं. वाक्यात उपयोग करायची वेळ पहिल्यांदाच आली.

चुकीच्या बाजूची शस्त्रक्रिया होऊ नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये एक यादी काढली. भूल देण्याआधी विचारायचं: माणूस तोच का, जागा कोणती, जागेवर खूण केली का? एका कागदावर मावणारे साधे प्रश्न. दवाखान्याकडे त्याहून लांब यादी होती. तिच्यात माझं गाव, तालुका, जिल्हा, व्यवसाय, आमच्याबद्दल कुठून कळलं, एवढं सगळं होतं. दाढ कोणती, हे तेवढं राहिलं होतं.

आणि आमची म्हैस बघा. १ जून २०२४ पासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री बंद आहे. पिवळा बिल्ला, बारा आकडी नंबर. नंबर टाका, भारत पशुधनच्या नोंदीत मालक कोण, जात कोणती, लस कधी टोचली, सगळं हजर. शेजाऱ्याची म्हैस मागच्या महिन्यात तीन हातांतून गेली, पण तिच्या जागी दुसरी म्हैस कुणी दवाखान्यात नेली नाही. मलाही बारा आकडी आधार आहे, वर चौदा आकडी आभा आहे. मिळून सव्वीस आकडे. त्यांतून दोन आकडे बरोबर यायला काय हरकत होती?

कानाला मलाही टोचलं होतं की! बिल्लाच अडकवला असता तर काम झालं असतं.

मग तारीख आली. शनिवार. सर्जन शनिवारी कधी येत नाहीत, पण माझ्यासाठी येणार. नेमकी अमावास्या. शनिअमावास्येला आमच्या फाट्यावर सगळा महाराष्ट्र उतरतो. गाड्यांच्या रांगेतून सायकलसुद्धा निघत नाही. हे ताईंना सांगितलं. ‘दहाला रिपोर्टिंग आहे काका. लेट झालात तर ॲडव्हान्स जाईल.’ शनी निदान साडेसाती सांगून तरी आणतो.

आदल्या दिवशी सकाळी मेसेज. ‘ऑपरेशनला उपाशी या.’ दुपारी दुसरा मेसेज. ‘पोटभर नाश्ता करून या.’ मोबाइल हातात घेऊन मी बायकोकडे बघितलं. पूर्ण भूल असेल तर सहा तास खायचं नसतं. नुसती जागा बधिर करायची असेल तर खाऊन जावं, उपाशी पोटी चक्कर यायची. म्हणजे दोन्ही मेसेज बरोबर होते. दोन वेगळ्या माणसांसाठी.

‘अहो, फोन करून विचारा ना एकदा,’ बायको म्हणाली.

विचारलं. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

शुक्रवार होता. डोकं शांत करायला बाजारात गेलो. ओळखीचे एक व्यापारी बाभळीखाली चहा पीत होते. चाळीस वर्षं जनावरांचे दात बघितलेले. गाल बघून म्हणाले, ‘काय गुरुजी, दाढ?’ मी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी बशी खाली ठेवली.

‘आ करा.’

मी केला. भर बाजारात. त्यांनी मोबाइलची बॅटरी लावली, अंगठ्यानं ओठ दाबला.

‘खालची. तुमची डावी. आडवी हाय. उजवीला हात लावू देऊ नका, सोनं हाय ते.’

चार सेकंद. फी नाही, फॉर्म नाही. अंगठा धुतलेला नव्हता, हे लपवत नाही. पूर्वी आठवडे बाजारात ताटलीत उपटलेले दात मांडून दात काढणारे बसायचे. ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणत नाही, एका चिमट्यात अख्खा गाव रांगेनं उभा असायचा. पण निदान दुखतो कोणता, हे ते पेशंटला विचारायचे.

‘जुळलाय का?’ मी विचारलं. बैलाचे आठही दात आले की तो जुळला, म्हणजे पक्का झाला.

‘कवाच जुळलाय. आता उतारावर लागलाय,’ ते म्हणाले. निदान स्पष्ट बोलणारा भेटला.

जाता जाता त्यांनीच तोडगा सांगितला. ‘आम्ही घेतलेल्या जनावराला रंग लावतो, गुरुजी. न्हाई तर गर्दीत दुसराच सोडून नेतो. तुम्ही बी लावा.’

जागतिक आरोग्य संघटनेला जे सांगायला २००८ साल उजाडलं, ते बाभळीखाली केव्हाचं चालू होतं.

शनिवारी पहाटे बायकोनं नातीचा निळा मार्कर आणला. डाव्या गालावर ठसठशीत बरोबरची खूण केली. उजव्या गालावर फुली मारायला निघाली होती, तिला थांबवलं. शेवटी तिथं बारीक अक्षरात ‘नाही’ लिहिण्यावर तडजोड झाली. नाश्त्यावरही तडजोड झाली. अर्धी भाकरी.

एसटीत कंडक्टरनं तिकीट देताना गालाकडं बघितलं, मग माझ्याकडं. ‘मतदान होतं का कुठं?’

अमावास्येच्या गर्दीतून वाट काढत दहाला पाच कमी असताना पोचलो. काचेचं दार ढकललं, लाकडी ढकललं. काउंटरवर फाइल तयार होती. वर ठळक ४८. ताईंनी मान वर केली आणि पहिल्यांदाच मला नीट बघितलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. माझी छाती भरून आली. मी गाल थोडा पुढं केला.

‘अय्या काका, तोंडाला काय लागलंय!’ त्या म्हणाल्या आणि ओला टिश्यू काढून माझ्या हातात दिला. ‘आधी पुसून या बरं. सरांना स्वच्छ लागतं.’